भिकूदादांचा वारा

माझ्या चुलीतली राख हलकी असते, असं प्रशस्तिपत्र मला आयुष्यात एकाच माणसाने दिलं. ते माझे शेजारी भिकूदादा. शाळा सुटल्यावर मी घरी येऊन भिंतीला पाठ टेकतो न टेकतो, तोच मागच्या दाराची कडी वाजायची. दादा आत यायचे, चुलीशी उकिडवे बसायचे आणि माझ्या परवानगीची वाट न बघता चिमूटभर राख उचलून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, जायचे.

"तुमी नारळाची सोडनं जाळता ना मास्तर, म्हनून ही अशी बारीक. आमची लाकडाची राख. जड. ती वारा सांगत नाय."

मी सोडणं जाळायचो ती लाकडं फोडायचा कंटाळा म्हणून. पण आपल्या आळसाचा कुणाला तरी उपयोग होतोय म्हटल्यावर मी गप्प राहिलो.

खळ्यात उभे राहून दादा हात नाकासमोर धरायचे आणि राख सोडायचे. मग एक बोट तोंडात घालून ओलं करायचे आणि वर धरायचे. मग विडी पेटवायचे, पण ओढायचे नाहीत; धूर कुठे जातो ते बघत राहायचे. मग गावकरांच्या आगरातल्या उंच माडाचा शेंडा बघायचे. शेवटी डोळे मिटून, मान जराशी कलती करून बराच वेळ नुसते उभे राहायचे. एवढं सगळं झालं की निकाल यायचा.

"नाय मास्तर. आज नाय जमायचा. वारा हाय."

मीही बघतच असायचो. माडाचं झावळ हलत नसायचं. विडीचा धूर सरळ वर जायचा. राख तर दादांच्याच अंगठ्यावर पडलेली असायची.

"अहो दादा, राख सरळ खाली आली की!"

"आली ना. पन वारा हाय."

"मग राख सोडायची कशाला?"

"खात्री करायला नको?"

चार इयत्ता एका खोलीत कोंबून दिवसभर त्यांच्यापुढे ओरडून आलेला मी माणूस. एका कोपऱ्यात बाराखडी, दुसऱ्या कोपऱ्यात त्रैराशिक, आणि मधे एक बकरी. संध्याकाळी वाद घालायची ताकद अंगात उरत नसे. "असेल वारा," म्हणून मी पुन्हा भिंतीला टेकायचो.

आता या वाऱ्याचं दादांना काय पडलं होतं, ते सांगतो. भिकूदादा म्हणजे आमच्या वाडीची बंदूक. पालीच्या बाजारातून निघून सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, अंगाने आत चालत गेलं की आमची वाडी लागते. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला गिरणीत. सांबरांना आणि भेकरांना मुंबईची ओढ नसल्यामुळे ती मात्र गावातच होती. भात कापून झालं, ओलीवर पावटे, कुळीथ टाकले, की ती रानातून खाली उतरायची आणि आपल्या बापाचं शेत असल्यासारखी चरायची. त्यांच्यापासून पिकाची राखण करायला म्हणून सरकारने दादांना बंदुकीचा परवाना दिलेला होता. साऱ्या वाडीत तेवढाच एक परवाना. बंदूक त्यांच्या वडिलांच्या वेळची, ठासणीची. नळीत दारू घाला, गोळी घाला, गजाने ठासा, घोड्याखाली टोपी लावा, तेव्हा कुठे बार व्हायचा. तोवर सांबराची न्याहारी आटोपलेली असायची, असं लोक म्हणत. पण दादांचा नेम पूर्वी पंचक्रोशीत नावाजलेला होता, हेही तेच लोक म्हणत.

पूर्वी. कारण मी या गावात बदलून आलो तेव्हापासून दादांनी एकही बार उडवलेला मला माहीत नाही. रोज संध्याकाळी बंदूक खुंटीवरून खाली यायची, तिला खोबरेल तेलाचं बोट लागायचं, ती खांद्यावर चढायची. दादा माझ्या खळ्यापर्यंत यायचे. राख, बोट, विडी, माड. मग बंदूक पुन्हा खुंटीवर.

वाऱ्यात शिकारीला जाऊ नये, याची त्यांच्याकडे कारणं होती आणि ती मला तोंडपाठ झाली होती. वारा असला की सावजाला माणसाचा वास आधी लागतो. वारा असला की सावज बिथरलेलं असतं, उघड्यावर येत नाही. आणि मुख्य म्हणजे वारा असला की सगळं रानच वाजतं. "सगळी पानं बोलायला लागली, तर सांबराचा पाय कुटला आनि पान कुटला, ह्या कसा कळनार? मास्तर, शिकार डोळ्यान नाय व्हत. शिकार कानान व्हते." हे सांगताना ते अशा खुशीत येत की समोर सांबर उभं आहे आणि त्याचा पाय त्यांना ऐकू येतोय असं वाटावं.

याच्या बरोबर उलट मत गावकरांचं. गावकर म्हणजे वाडीतले मानाचे गृहस्थ, देवळातला पहिला नारळ त्यांचा. त्यांनी जन्मात कधी बंदूक हातात धरली नव्हती, त्यामुळे शिकारीबद्दल त्यांची मतं फार ठाम होती.

"भिकू, वाऱ्यातच तर शिकार करायची! पानं वाजतात म्हनून तर तुजा पाय त्येला आयकू जात नाय. वाऱ्याकडं तोंड करून चाल. वास मागं जातो. सांबर काय मागं येऊन वास घेनार हाय?"

"आनि वारा फिरला तर?"

"फिरला तर तू पन फीर!"

"बंदूक ठासलेली घेऊन?"

देवळाच्या पायरीवर बसून हा वाद महिनोन्‌महिने चाले. मी मधे बसलेला. दोघंही आपापलं मत मला सांगत, कारण एकमेकांशी बोलायचा त्यांना कंटाळा आलेला होता. मला कंटाळा येतो हे त्यांच्यापैकी कुणाच्या ध्यानात येत नसे.

दादांची आणखी एक खोड मला फार छळायची. आपण बोलायला लागलो की ते आपल्या तोंडाकडे टक लावून बघत. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. माझे पुढचे दोन दात जरा एकमेकांवर चढलेले आहेत. ते कुणी इतकं मन लावून बघितलेले नव्हते. पहिल्या पावसाळ्यात मी तोंडावर हात ठेवून बोलायला लागलो, तर दादा चिडले. "हात काडा, मास्तर. काय बायकांसारखा बोलता!" शेवटी मी पान खायचं सोडलं, निदान दात तरी स्वच्छ दिसू देत म्हणून. आणि समोरच्याला बोलू देण्यापेक्षा स्वतःच बोलत राहायचं, ही त्यांची दुसरी तऱ्हा. आपण विचारावं, "दादा, जेवलात का?" तर उत्तर यायचं, "मतलई अजून पडलेली नाय." पहाटेच्या डोंगरवाऱ्याला आमच्याकडे मतलई म्हणतात. माझ्या प्रश्नाशी तिचा काही संबंध नसायचा. लोक म्हणत, म्हातारा शिष्ट झालाय. मीही तसंच समजत होतो.

लोक आणखीही एक गोष्ट म्हणत, पण ती जरा आवाज खाली करून. हा वारा सुटला तो धोंडू गेल्यापासून.

धोंडू हा दादांचा शिकारीतला जोडीदार. मी तो पाहिला नाही. मी यायच्या आधीच्या वर्षी तापाने गेला. पण गावाने मला त्याच्या इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या की पाखाडीच्या पायऱ्यांवर भेटला असता तर मी ओळखला असता. बुटका, पांढऱ्या फटक मिशा असलेला, बोलायला मठ्ठ. रानात दबा धरायच्या बैठकीला दादा पुढे दगडावर बसत आणि धोंडू त्यांच्या मागे, दोन्ही हात दादांच्या खांद्यांवर ठेवून. लोकांनी त्यावरून काय कमी चेष्टा केली? बंदुकीच्या धक्क्याने दादा दरीत पडू नयेत म्हणून धोंडू त्यांना धरून बसतो, असं गावकर सांगत. बायका म्हणत, एवढे आमचे घोव आमच्याजवळ कधी बसले नाहीत. दोघं हसण्यावारी नेत. शिकार मिळाली की वाटे करताना धोंडूचा वाटा दादांच्या बरोबरीचा. नुसतं मागे बसणाऱ्याला एवढा वाटा कशासाठी, हे कोडं गावाला कधी सुटलं नाही.

धोंडू गेला आणि मागे राहिली त्याची बायको, काशीवयनी. मूलबाळ नाही. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, रानाला अगदी लागून तिचं कुळथाचं शेत. भात तिचं असं होतंच किती! वर्षाचं कालवण त्या कुळथावर. त्या वर्षी सांबरांनी तिच्या शेतात मुक्कामच ठोकला. ती बिचारी रोज पहाटे जाऊन डबा वाजवायची, आणि सांबरं जरा बाजूला होऊन तिचा डबा ऐकत उभी राहायची.

एका संध्याकाळी ती माझ्या खळ्याशी येऊन उभी राहिली. दादांचं विडीपर्यंत आलेलं होतं.

"भावजी, निम्मा शेत खाल्लानी."

दादांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग माडाकडे बघितलं. "वारा पडू दे, वयनी. वारा पडला की बगतो."

"वारा कुटं हाय, भावजी?" ती एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मी शेजारी उभा राहून इतका वैतागलो होतो की त्या दिवशी राखेची चिमूट त्यांच्या हातातून काढून घ्यावी असं वाटलं. दादा बंदूक घेऊन खाली मान घालून घरी गेले.

मग गावकरांनी ही गोष्ट हातात घेतली. मुंबईहून त्यांचा पुतण्या शांताराम आला होता. त्याला बंदुकीची फार हौस. मुंबईच्या कुठल्याशा जत्रेत त्याने छर्ऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडले होते आणि त्याबद्दल बक्षीस म्हणून मिळालेला कंगवा तो सगळ्यांना दाखवत असे. भिकूला होत नसेल तर परवाना शांतारामाच्या नावाने करून द्यावा, असा अर्ज मामलेदारांकडे करायचा गावकरांचा बेत होता. पण गावात असं एकदम काही होत नाही. आधी देवीला विचारायला हवं.

म्हणून देवळात कळे लावले. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना सांगतो. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर देवीची हो, डावी पडली तर नाही. सगळी वाडी श्वास रोखून उभी. गुरवाने विचारलं, उद्या सकाळी रान उठवून पारध करावी काय? विचारतो न विचारतो तोच उजवी कळी टपकन पडली. इतक्या लवकर देवी कधी बोललेली नव्हती. बायकांनी हात जोडले. गावकरांनी भिकूदादांकडे असं बघितलं, जणू कळी आपणच पाडली होती.

दादा पुढे झाले, देवीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "देवीचा शब्द खरा. पन देवी बसते गाभाऱ्यात. तिला वारा कुटं लागतो?"

गुरवाच्या हातातली घंटा तशीच राहिली. देवीला खोटं पाडलं असं म्हणावं, तर शब्द खरा म्हणून आधीच सांगून ठेवलेलं. शेवटी गावकरच सावरले.

"बरा तर. उद्या पारध व्हनार. भिकू बैठकीला बसंल. आनि त्याच्यासंगट बसतील मास्तर. मास्तर शिकलेले हायत, त्यांना ना शिकारीचा सोयर ना सुतक. वारा हाय का नाय ता मास्तर सांगतील. मास्तर बोलले वारा व्हता, तर गाव मानंल. वारा नसला आनि बार नाय वाजला, तर परवाना शांतारामाकडं."

मला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मी तो झोपून काढायचं ठरवलेलं होतं.

पहाटे उठून, कुरकुरत, दादांच्या मागोमाग सडा चढलो. उजाडता उजाडता आम्ही बैठकीच्या जागी पोचलो. एका मोठ्या ऐनाच्या झाडाखाली दगड, समोर उतार, आणि खाली करवंदीच्या जाळ्या. पलीकडच्या अंगाने हाकारे ढोल, डबे घेऊन रान उठवत येणार, आणि जनावर या वाटेने निघणार. दादा दगडावर बसले. मला त्यांनी मागे बसायला सांगितलं. बसल्यावर माझ्या लक्षात आलं, ही धोंडूची जागा. दगडाला पाठ टेकायला बरोबर एक खळगा होता.

वारा नव्हता. अगदी शपथेवर सांगतो, झाडाचं एक पान हलत नव्हतं. कोळ्याच्या जाळ्यावर दव होतं आणि ते जाळं भिंतीवर काढल्यासारखं स्थिर होतं. मला वाटलं, झालं, आज या म्हाताऱ्याला पळवाट नाही. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. एकदाचा तो वारा संपेल, माझी राख माझ्या चुलीत राहील, संध्याकाळी मला पाय पसरता येतील.

लांबून ढोल सुरू झाला. मग मधेच थांबला. त्या शांततेत डावीकडे मला काहीतरी ऐकू आलं. सुक्या पाचोळ्यावर पाय. एक, मग थांबून दुसरा. माझ्यासारख्या शहाण्याला, ज्याला बकरीचा पाय आणि मुलाचा पाय यातला फरक वर्गात कळत नाही, त्यालासुद्धा ते कळलं. मी दादांच्या पाठीकडे बघितलं. ते उजवीकडे बघत होते.

"दादा," मी कुजबुजलो. "डावीकडे."

दादा उजवीकडेच बघत राहिले. मला वाटलं, ही काही शिकाऱ्याची युक्ती असेल.

जाळीतून सांबर बाहेर आलं. मोठा नर. शिंगांवर वेलीचा तुकडा लोंबत होता. आमच्यापासून इतक्या जवळ उभं राहिलं की त्याच्या नाकपुड्या हलताना दिसल्या. त्याने कान आमच्याकडे वळवले. मी पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं, "दादा!" सांबराने माझ्याकडे बघितलं. दादांनी बघितलं नाही. मग ते वळलं, उतारावरून आरामात खाली गेलं, आणि त्याच्या पायाखाली एक वाळकी फांदी काडकन मोडली. त्या आवाजाने मी दचकलो. दादांची मानसुद्धा हलली नाही.

मी उठून त्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "कायतरी गेला काय?"

"सांबर गेलं, दादा."

"कंच्या बाजून?"

मी डावीकडे हात केला. तेव्हाच माझं लक्ष बंदुकीकडे गेलं. घोड्याखाली टोपीच लावलेली नव्हती. समोर सांबर येऊन बसलं असतं तरी ती बंदूक वाजणार नव्हती.

दादांनी कमरेच्या चंचीतून माझ्याच चुलीतली राख काढली आणि नाकासमोर हात धरून सोडली. ती सरळ त्यांच्या पायावर पडली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सरळ पडली ना?"

"सरळ."

"मग ह्या कानात रातदिस घोंगावतां ता काय, मास्तर?"

तेच पुढे बोलायला लागले, नेहमीपेक्षा हळू.

"आदी मला खराच वारा वाटला. धोंडूला बोललो, आज वारा हाय. तो हसला. बोलला, पान हलत नाय. चार दिवस असाच झाला, मग त्येला कळला. कुनाला बोलला नाय. दुसऱ्या पारधीला गुपचूप माज्या मागं येऊन बसला. डावीकडं पाय वाजला की डाव्या खांद्यावर बोट. उजवीकडं वाजला की उजव्या. आनि मानूस येत असला तर दोनी खांदे घट्ट धरायचा. म्हंजे बंदूक खाली."

खालून ढोल पुन्हा वाजायला लागला होता. तो त्यांना ऐकू येत असावा, कारण त्यांनी तिकडे बोट केलं.

"समोरनं येतात ती सगळी आपलीच पोरा. जाळी हलली तर सांबर का मानूस, ह्या मला कोन सांगनार?"

"पण दादा, गावाला सांगायचं ना सरळ!"

"सांगितला की बंदूक शांतारामाकडं. तो फुगे फोडनारा. पान हलला की वाजवील." त्यांनी पायावरची राख झटकली. "आनि मास्तर, मी काय मटनासाठी रानात जात व्हतो? हितं येऊन बसला की आदी सगळा गप व्हायचा. मग एकेक आयकू यायचा. पाखरू, पान, लांबचा पानी. मग पाय. ता आयकायला जायचो मी. आता तुमच्या खळ्यात डोळे मिटून उबा ऱ्हातो. बोलतो, कदी तरी ह्यो वारा थांबंल."

मला फार वाईट वाटलं. रोज संध्याकाळी मी भिंतीला टेकून त्या उभ्या राहण्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हा माणूस कधी एकदा घरी जातो.

एवढ्यात हाकारे वर आले. पुढे गावकर, त्यांच्यामागे शांताराम केस विंचरत, आणि सगळ्यांच्या मागे डबा हातात घेतलेली काशीवयनी. सगळे घामाघूम.

"बार नाय वाजला?" गावकरांनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं. "सांबर ह्याच वाटेन आला. माग ताजा हाय. बोला मास्तर. वारा व्हता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कोळ्याचं जाळं माझ्या डोक्याशेजारी तसंच स्थिर होतं. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"होता," मी म्हटलं.

"कुटं व्हता? आमच्याकडं पान हललां नाय!"

"सांबर समोर आलं. दादा नेम धरणार, तेवढ्यात वरून खाली वारा फिरला. वास लागला आणि गेलं."

"पन मास्तर, आमी खालनंच आलो!"

"तुम्ही दरीतून आलात. दरीत वारा कुठून लागणार?"

गावकर तोंड उघडून बघत राहिले. हा युक्तिवाद आपण कुठेतरी ऐकलाय, एवढं त्यांना कळत होतं. पण मास्तर बोलला तर गाव मानेल, हा शब्द त्यांचाच होता, आणि तोही देवीसमोर दिलेला. त्यांनी एकदा माडाच्या दिशेला बघितलं, एकदा आभाळाकडे, आणि "व्हता तर व्हता" म्हणून उतरायला लागले.

काशीवयनी मागे रेंगाळली. दादा बंदूक खांद्यावर टाकून पुढे गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"मास्तर, आमचे पन असाच सांगायचे," ती म्हणाली. "पारधीवरनं आले की सांगायचे, आज लई वारा व्हता. मी विचारायची नाय."

तिने डबा काखेत मारला आणि पाखाडी उतरून गेली.

त्या दिवशीच्या ढोल-डब्यांनी रान एवढं उठलं की सांबरं पलीकडच्या सड्यावर गेली, ती कुळीथ उपटून होईपर्यंत खाली उतरली नाहीत. काशीवयनीचं उरलेलं निम्मं शेत वाचलं. गावकरांनी त्याचं श्रेय देवीच्या कळ्याला दिलं. शांताराम कंटाळून मुंबईला परत गेला. दादांनी बंदुकीच्या टोप्यांची डबी आणून माझ्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी ठेवली. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले. बंदूक मात्र त्यांच्या खुंटीवर आणि परवाना त्यांच्या नावावर.

मला वाटलं, आता संध्याकाळ माझी. कसली माझी! दुसऱ्या दिवशी मी भिंतीला टेकतो तोच कडी वाजली. दादा चुलीशी उकिडवे बसले, चिमूट घेतली, खळ्यात गेले. राख, बोट, विडी, माड. मग डोळे मिटून, मान कलती करून उभे राहिले.

मी खूप दमलो होतो. त्या दिवशी बकरी चारही इयत्तांत जाऊन आली होती. तरी उठलो आणि जाऊन त्यांच्या मागे उभा राहिलो. हात कुठे ठेवायचे ते कळेना; मग त्यांच्या खांद्यांवर ठेवले.

बराच वेळ काही झालं नाही. मग डावीकडे, सड्याच्या वर कुठेतरी, भेकर ओरडलं. मी डाव्या खांद्यावर बोट टेकवलं.

दादांची मान लगेच डावीकडे वळली. डोळे मिटलेलेच होते.

"भेकर?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा एकदा बोट टेकवलं.

"लांब हाय?"

लांब या शब्दाला कुठलं बोट, ते आमचं ठरलेलं नव्हतं. म्हणून मी नुसता हात तसाच ठेवला. भेकर पुन्हा ओरडलं, मी पुन्हा बोट टेकवलं, आणि दादा हसले. माझे पाय दुखत होते. पण त्यांची मान तिकडे वळलेली होती, म्हणून भेकर गप्प होईपर्यंत मी तसाच मागे उभा राहिलो.